जागा रिकामी, तरी फाइल कॉपी होईना

आईच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ आमच्या गिरगावच्या घरातल्या कॉम्प्युटरवर होता. बॅकअपसाठी टीव्हीला लावायची जुनी १ टीबीची हार्ड डिस्क काढली. फोटो भराभर गेले, पण व्हिडिओला मेसेज आला: फाइल फारच मोठी आहे. डिस्क तर अर्ध्याहून जास्त रिकामी!

डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर उलगडा झाला. फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली साठवायची पद्धत) होती फॅट३२. तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही, जागा कितीही असो. आमचा व्हिडिओ ११ जीबीचा.

डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे हलवलं (फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, इथे घाई नकोच) आणि एक्सफॅट या ४ जीबीची मर्यादा नसलेल्या फाइल सिस्टीममध्ये डिस्क फॉरमॅट केली. एनटीएफएस हा आणखी एक पर्यायही चालला असता, पण भाचीच्या मॅकवर त्यातलं नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं. मात्र केबल तशीच उपटायची नाही, आधी 'इजेक्ट' करायचं, नाहीतर फाइली खराब होऊ शकतात.

व्हिडिओ गेला. डिस्कवरूनच लावून शेवटपर्यंत पाहिला, औक्षणाचा भाग आईने दोनदा लावायला लावला.