शेअर्ड स्टोरेजवरचा डेटाबेस क्लस्टर: दुसरा नोड ढिम्म का बसतो?

दोन सर्व्हर (म्हणजे नोड), मध्ये नेटवर्कवरून दोघांना मिळणारी एक आयस्कझी डिस्क, वर पेसमेकर-कोरोसिंक हे क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस. एक नोड पडला की दुसरा डिस्क माउंट करून डेटाबेस उठवतो. एचएचं (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे एक मशीन पडलं तरी सेवा चालू ठेवायचं) काम पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा सगळे हेच चित्र काढतात, आणि ते चुकीचं नाही. फक्त पहिला नोड खरंच पडलाय हे दुसऱ्याला कसं कळणार, ते त्यात नसतं.

हार्टबीट (नोड एकमेकांना पाठवतात तो ‘मी जिवंत आहे’ हा संदेश) थांबला म्हणजे नोड मेला असं नाही. कदाचित नुसतं नेटवर्क गेलं असेल आणि तो अजून डिस्कवर लिहीत असेल. अशात दुसऱ्याने तीच एक्सएफएस किंवा एक्सटी४ फाइलसिस्टिम माउंट केली की डेटाचं मातेरं. पोस्टग्रेसची पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली) वाचवेल असं समजू नका. ती फक्त स्वतःच्या मशीनवरची प्रोसेस तपासते. म्हणून फेन्सिंग हवं: आधी संशयित नोड बंद पाडायचा, मगच डिस्क घ्यायची. इथवर तुम्हाला माहीत असेलच.

मला सगळ्यात जास्त छळलं ते याच्या पुढच्या पायरीने. फेन्सिंग आयपीएमआयवर (सर्व्हर दूरून बंद-चालू करायची त्याच्यातलीच सोय) लावलेलं. चाचणीत नोड स्टँडबायला टाकला, फेलओव्हर झाला, म्हणजे दुसऱ्याने काम उचललं. डेटाबेसची प्रोसेस मारली, तीही सावरली. मग सर्व्हरची वीज काढली, आणि दुसरा नोड जागचा हलेना. लॉगमध्ये नुसते फेन्सिंगचे टाइमआउट. पासवर्ड, स्विच, फायरवॉल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कारण साधं होतं: आयपीएमआयची चिप त्याच सर्व्हरच्या वीजपुरवठ्यावर चालते. वीज गेली की तीही गेली. ‘बंद कर’ म्हणून सांगायचं कुणाला? उत्तर येत नाही, म्हणून क्लस्टर डिस्कला हात लावत नाही. आणि ते बरोबरच करतो! असा अडकलेला क्लस्टर बघून पोटात गोळा येतो, पण त्या क्षणी तुमचा डेटा सुरक्षित असतो, हे लक्षात ठेवा.

उपाय म्हणजे फेन्सिंगची दुसरी पातळी. एक तर आउटलेट दूरून बंद करता येणारा पीडीयू (सर्व्हरना वीज वाटणारा बोर्ड). सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही आउटलेट आधी बंद व्हायला हवेत, मग चालू. नाहीतर सर्व्हर जिवंतच राहतो. किंवा स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन: स्टोरेजच त्या नोडचं लिखाण नाकारतं. माझा कल याकडे, कारण जपायची आहे ती डिस्कच. पण तुमचं स्टोरेज हे करतं का, ते खरेदीआधी विचारा. एनएफएसवर (नेटवर्कवरून डिस्कऐवजी फाइल देणाऱ्या स्टोरेजवर) हा मार्ग नाही.

‘स्टोनिथ (पेसमेकरमधलं फेन्सिंग) बंद करून टाक, चालतं’ असं सांगणारे सीनियर भेटतील. चालतं, नेटवर्क तुटेपर्यंत. अशांकडून बाकी काहीही शिका, क्लस्टर शिकू नका. नोड बंद झाल्याची हाताने खात्री देणारी कमांडसुद्धा मशीन खरंच बंद आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मारू नका.

बाकीचं भराभर. दोनच नोड असतील तर दोघं एकमेकांना एकदम मारायला धावतात. एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर द्या, जमलं तर क्यूडिव्हाइसने (क्लस्टरबाहेरच्या तिसऱ्या मशीनने) तिसरं मत आणा. लिनक्सवर आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं कनेक्शन परत येण्याची वाट बघायची मुदत) मुळात १२० सेकंद असतो; मल्टिपाथ (डिस्ककडे जायचे एकाहून जास्त मार्ग) असेल तर तो बराच कमी करा, नाहीतर एक मार्ग तुटला तरी डेटाबेस दोन मिनिटं गोठतो. एनएफएस वापरणार असाल तर हार्ड माउंटच (उत्तर येईपर्यंत वाट बघणारा). आणि दोन कंट्रोलर, दोन स्विच घेतले तरी डेटाची प्रत एकच आहे, तेव्हा बॅकअप आणि वेगळ्या स्टोरेजवरची रेप्लिका आराखड्यात पहिल्या दिवसापासून असू द्या.

खरा डेटा भरण्याआधी केबल काढायची चाचणी कराच. दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढायच्या. एकच काढून ‘पास’ लिहिलेले रिपोर्ट बरेच बघायला मिळतात.