नव्याने रुजू होणाऱ्या एएनएमसाठी : बीसीजी देताना

नवीन एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका मुली, उपकेंद्रावर रुजू झाल्या की पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची) सुई बिनधास्त देतात, पण बीसीजीला, म्हणजे क्षयावरच्या (टीबीवरच्या) लसीला, हात अडखळतो. साहजिकच आहे. पेंटा मांडीच्या स्नायूत जाते. ही मात्र डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या आत द्यायची आणि समोर असतं नुकतं जन्मलेलं बाळ.

ही लस जिवंत आहे, हे आधी मनात पक्कं करा. काल्मेट आणि ग्यूरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं वाढवून दुबळा केला आणि १९२१ साली पॅरिसमध्ये ही लस पहिल्यांदा बाळाला दिली गेली. तो दुबळा जंतू सुईपर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे. आपले बहुतेक नियम त्यासाठीच आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आयएलआरमध्ये, म्हणजे लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर राहते. तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ करायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. उजेडाने जंतू मरतो, म्हणून बाटली गडद तपकिरी असते. ती उन्हात, खिडकीशी ठेवू नका. लसीकरणाच्या सत्राला निघण्यापूर्वी बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की गडद होत जाणारी खूण, बघा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर ती बाटली बाद. डायल्युएंट, म्हणजे कोरडी लस विरघळवायचं द्रावण, त्याच कंपनीचं हवं आणि आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये ठेवलेलं हवं. कोमट डायल्युएंट घातलं तर इतका वेळ सांभाळलेली थंडी तिथेच वाया जाते. मात्र ते गोठवूही नका.

लस तयार केली की बाटलीवर वेळ लिहा. चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकायची. तिच्यात जंतुनाशक नसतं. उघडी राहिली तर बाहेरचे जंतू वाढतात. म्हणून ओपन व्हायल धोरण, म्हणजे उघडलेली बाटली पुढच्या सत्रांतही वापरायची मुभा, हिला लागू नाही. ‘एकच बाळ आलंय, दहा डोसची बाटली कशी फोडू?’ असं नवीन मुली विचारतात. फोडा. बाळ परत पाठवू नका. पुढच्या सत्राला ते येईलच याची खात्री कोण देणार?

आता सुई. ०.१ मिलीची एडी सिरिंज (एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी) असते. एक महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ आणि त्यापुढे वर्षापर्यंत ०.१ मिली. एडीचा दट्ट्या एकदाच मागे येतो, म्हणून आधी हवा भरू नका. दंडाला स्पिरिट लावू नका, लस मरते. मळ असेल तर साध्या पाण्याने पुसा. आईला बाळ मांडीवर घट्ट धरायला सांगा. कातडी अंगठा आणि बोटाने ताणा, सुईचं तोंड वर ठेवा, सुई जवळजवळ आडवी धरून टोक जेमतेम आत घाला. दट्ट्या दाबताना जोर लागला पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखा फिकट, खडबडीत फुगा आला की डोस नीट गेला. दट्ट्या सहज सरकला तर थांबा; सुई खोल गेली आहे. खोल गेलेल्या डोसाने गळू होतं.

सुई देऊन झाल्यावर आईशी बोलणं मला तितकंच मोलाचं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, मग ती फुटून लहानशी जखम होते, खपली धरते आणि हळूहळू भरून कायमचा व्रण राहतो. हे आधी सांगितलं नाही, तर आई घाबरून आशाताईकडे धावते, ‘ताई, सुई पिकली हो!’ किंवा घरातलं कुणी हळद-तेल लावतं. काहीही लावायचं नाही, शेकायचं नाही, अंघोळ नेहमीसारखी घालायची. व्रण उठला नाही तरी डोस पुन्हा देत नाहीत.

‘आता टीबी होणार नाही ना?’ असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगा : लहानपणी मेंदूपर्यंत जाणारा किंवा अंगभर पसरणारा क्षय टाळण्यासाठी ही लस मोठा आधार आहे, पण घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याची थुंकी तपासायलाच हवी.

काखेत गाठ वाढत गेली किंवा तिच्यात पू झाला, तर बाळाला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा आणि एईएफआयमध्ये, म्हणजे लसीनंतरच्या त्रासांच्या नोंदीत, नोंद करा.