कँटोनीज वाक्प्रचार समजून घेण्याची आणि वापरण्याची पद्धत

हाँगकाँग, मकाव आणि चीनचा ग्वांगदोंग प्रांत येथे बोलल्या जाणाऱ्या कँटोनीजमध्ये नुसत्या शब्दार्थावर विसंबणाऱ्याला साध्या गप्पाही उमजत नाहीत. म्हणून वाक्प्रचार यादीतून पाठ करू नयेत. तो कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटला, हे पूर्ण वाक्यासह टिपून ठेवावे.

उच्चाराच्या बाबतीत मराठी भाषकाला एक मोलाची सोय आहे. कँटोनीजमधला क-ख, त-थ हा भेद देवनागरीत नेमका उतरतो. ‘कै थुङ आप कॉङ’, म्हणजे कोंबडी बदकाशी बोलते, हा प्रयोग दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नसेल तेव्हा करतात. त्यातील ‘आप’ म्हणताना ओठ मिटून तिथेच थांबावे, ‘प’ मोकळा सोडू नये. शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे सहा चढउतार, म्हणजे सूर, मात्र लिपीत येत नाहीत. ते कानानेच शिकावे लागतात.

अर्थामागची कथा कळली की प्रयोग लक्षात राहतो. ‘छाउ यौ यू’, म्हणजे माकूळ (स्क्विड) परतणे, याचा अर्थ नोकरीवरून काढून टाकणे. परतताना माकुळाची गुंडाळी होते, आणि पूर्वी मालकाकडे राहणारा नोकर कामावरून निघाला की आपली वळकटी बांधून जाई. इथे व्याकरणाकडेही लक्ष हवे, कारण हा प्रयोग मधूनच फोडता येतो: ‘लोउ सै छाउ खेउइ यौ यू’, म्हणजे मालकाने त्याला काढले, यात ‘त्याला’ दाखवणारा ‘खेउइ’ क्रियापद आणि माकूळ यांच्या मध्ये बसतो.

सर्वांत रसाळ प्रकार दोन तुकड्यांच्या म्हणींचा. बोलणारा पहिला तुकडा म्हणतो आणि दुसरा ऐकणाऱ्यावर सोडतो. ‘आंधळा तांदळाचे गोळे खातो’ एवढेच म्हटले जाते. ‘मनात आकडा पक्का असतो’ हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. अशा वेळी दुसरा तुकडा आपणहून उलगडून सांगू नये, त्याने सगळी गंमत जाते.

सुरुवात मित्रांमध्ये आणि स्वतःविषयी बोलताना करावी. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसासमोर माकुळाचा उल्लेख टाळावा. ‘तीन तङ ताम’ म्हणजे विजेचा दिवा. त्याचा न उच्चारलेला तुकडा ‘हवा आरपार जात नाही’ असा असून रोख प्रसंगाचे भान नसलेल्या माणसावर असतो. दुसऱ्याला तसे म्हटले तर ते लागते, पण प्रेमी जोडप्याचा निरोप घेताना ‘मी दिवा होत नाही’ असे स्वतःबद्दल म्हटले, तर ते सहज खपून जाते.