अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियन व्हायचं तर: कॉलेज, परीक्षा आणि लायसन्स

व्हेटरनरी टेक्निशियन म्हणजे पशुवैद्यकाच्या हाताखाली काम करणारा, शिकलेला आणि लायसन्सधारक मदतनीस. ते व्हायचं तर आधी कॉलेजची मान्यता तपासा. फी, अंतर वगैरे नंतर. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या वेबसाइटवर मिळते. त्या यादीत नाव नसेल, तर बहुतेक राज्यांत पुढच्या परीक्षेची वाटच बंद होते. ‘व्हेटरनरी असिस्टंट’चं काही महिन्यांचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. नावं सारखी वाटतात आणि फसगत होते.

अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, असोसिएट डिग्रीचा. चार वर्षांची बॅचलर डिग्री केली तर ‘टेक्नॉलॉजिस्ट’ म्हणतात. परीक्षा मात्र दोघांना एकच. नोकरी सांभाळून शिकायला मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्सही आहेत. पण रक्त काढणं, शिरेत कॅथेटर बसवणं, दातांचे एक्स-रे, भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवणं ही कामं प्रत्यक्ष करून दाखवावीच लागतात. ऑनलाइनवाल्यांना त्यासाठीचा दवाखाना बहुधा स्वतःच शोधावा लागतो, तेव्हा तो पक्का झाल्याशिवाय फी भरू नका. शिवाय घोडे, गुरं आणि प्रयोगशाळेतले प्राणीही अभ्यासात असतात. नुसत्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यावर भागत नाही.

मग राष्ट्रीय परीक्षा, व्हीटीएनई (व्हेटरनरी टेक्निशियन नॅशनल एक्झामिनेशन). ३ तास, १७० बहुपर्यायी प्रश्न. त्यातले २० फक्त चाचणीपुरते, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे कळायला मार्ग नाही. गुणांची पट्टी २०० ते ८००, पास व्हायला ४२५.

परीक्षेत औषधाच्या डोसची गणितंही असतात. त्यात चुका होतात त्या बहुतेक पौंडांमुळे: वजन पौंडांत, डोस मात्र किलोमागे. समजा कुत्रा ४४ पौंडांचा, डोस किलोमागे ४ मिलिग्रॅम, औषध मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. आधी ४४ ला २.२ ने भागा: २० किलो. डोस ८० मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये १.६ मिलिलिटर. भागायचं विसरलात तर ३.५२ मिलिलिटर, दुपटीहून जास्त! दवाखान्यातही हीच चूक जिवावर बेतू शकते, म्हणून वजन किलोत लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पास झालं की लगेच लायसन्स हातात पडत नाही. राज्याच्या बोर्डाकडे वेगळा अर्ज करायचा. काही राज्यं आपल्या कायद्यावर आणखी एक पेपर घेतात. पदनामही राज्यागणिक बदलतं: न्यूयॉर्कमध्ये एलव्हीटी (लायसन्स्ड व्हेटरनरी टेक्निशियन), कॅलिफोर्नियात आरव्हीटी (रजिस्टर्ड व्हेटरनरी टेक्निशियन), टेनेसीत एलव्हीएमटी (लायसन्स्ड व्हेटरनरी मेडिकल टेक्निशियन). कॅलिफोर्नियात डिग्रीऐवजी ठरावीक शिक्षण आणि कामाचे तास दाखवून परीक्षेला बसायची सोय आहे, पण असा मार्ग प्रत्येक राज्यात नाही. लायसन्स हाती आलं तरी निदान, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया हे पशुवैद्यकाचंच काम.

नूतनीकरणाला बहुतेक ठिकाणी पुढील शिक्षणाचे तास लागतात, तेव्हा प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र जपून ठेवा. दुसऱ्या राज्यात गेलात तर व्हीटीएनईचे गुण तिकडच्या बोर्डाकडे पाठवता येतात. लायसन्ससाठी अर्ज मात्र नव्याने.