अ‍ॅपलूसा बघायला जाताय? दिवस मावळेपर्यंत थांबा

अ‍ॅपलूसा या ठिपकेदार जातीचा घोडा विकत घेताना दात बघून वय काढणं, खूर, चाल, खोगीर चढवताना घोडा कसा उभा राहतो, हे सगळं तुम्ही तपासणारच. मला सांगायचंय ते डोळ्यांबद्दल. या जातीत माणूस ठिपक्यांवर भाळतो आणि डोळे बघायचे राहून जातात.

माझी पहिली घोडी जवळजवळ पांढरीशुभ्र, अंगावर मोजकेच ठिपके. भर दुपारी बघितली तेव्हा अगदी गरीब वाटली. घरी आणल्यावर मात्र अंधार पडला की बिथरायची, कुंपणाला धडकायची, ट्रेलरच्या काळोखात पाऊल टाकायला तयार नसायची. जो तो म्हणे, खोडी आहे, दमात घ्या. खोडी कसली, तिला रात्रीचं दिसतच नव्हतं.

ठिपके ज्या जनुकामुळे येतात त्याला एलपी म्हणतात. त्याची एकच प्रत असेल तर रात्रीची नजर ठीक असते. आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आली, तर घोडा जन्मतःच रातांधळा. आणि मेख अशी की दोन प्रती असलेल्या घोड्याच्या पांढऱ्या भागावर ठिपके फार थोडे असतात किंवा नसतातच. म्हणजे जो पांढराशुभ्र घोडा बघून आपण हरखतो, संशय नेमका त्याचाच घ्यायचा. विकणारा सांगेल, याच्या प्रत्येक शिंगरात हे जनुक उतरतं. ते खरंच आहे, पण अंगावर पांढरं किती उमटेल हे दुसरी जनुकं ठरवतात, आणि डोळ्यांचं तो काही बोलत नाही. डोळा वरून निरोगीच दिसतो, टॉर्च मारून काही कळत नाही. म्हणून संध्याकाळी जा, अंधारात घोडा अनोळखी वाटेवरून चालवायला सांगा. शिवाय आयाळीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत पाठवून एलपीची चाचणी करून घ्या. निकाल हाती येईपर्यंत इसार देऊ नका.

घाबरू नका, हा रातांधळेपणा वयाबरोबर वाढत नाही. औषध नाही, पण दिवसा असा घोडा झकास काम करतो. रात्री तबेल्यात दिवा ठेवा, कुंपणाला काटेरी तार लावू नका, बस. माझी घोडी अजून माझ्याकडेच आहे.

खरी भीती युव्हिआयटिसची. डोळ्याच्या आत वारंवार येणारी ही सूज इतर जातींपेक्षा अ‍ॅपलूसात सुमारे 8 पट जास्त आढळते, आणि दोन प्रती असलेल्यांना धोका सर्वाधिक. इतर घोड्यांचा डोळा लाल होतो, गळतो. अ‍ॅपलूसात ती बऱ्याचदा गुपचूप चालते, आणि कळेपर्यंत दृष्टी गेलेली असते. त्यामुळे बाहुली मोठी करणारं औषध घालून पशुवैद्याकडून डोळे तपासून घ्या. वैद्य तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीतला नको. त्याच वेळी रक्तही तपासा, वेदनाशामक देऊन लंगडणं झाकता येतं.

गुरू करायचाच असेल तर नालबंदाला करा, असं माझं ठाम मत आहे. आसपासच्या घोड्यांचे पाय त्याच्या हातात असतात आणि सौद्यात त्याचा वाटा नसतो. व्हिडिओ बघून पैसे पाठवणाऱ्यांना मी काय सांगू? तेवढं तरी करू नका.

विकायची वेळ आली की एलपीचा निकाल जाहिरातीतच लिहा. फोन कमी येतील, येऊ देत. वयाबरोबर रंग बदलू शकतो, गडद शिंगरू पुढे करडं होतं, तेव्हा फोटो ताजेच लावा.

कागदांचं एवढंच: अमेरिकेत या जातीची नोंद आयडाहोतल्या मॉस्को गावचा अ‍ॅपलूसा हॉर्स क्लब 1938 पासून ठेवतो. नोंदणीपत्रावर ज्याचं नाव आहे त्याचीच सही हस्तांतराच्या अर्जावर लागते. पैसे देतानाच ती घ्या, आणि समोरचा माणूस दुसराच निघाला तर पैसे खिशातच ठेवा.