मोटर बदलण्याआधी पाईप आतून तपासा

दूधगंगा-वेदगंगेचं पाणी उसाला नेणाऱ्या निपाणी-चिकोडी भागात पाणी कमी पडलं की पहिला संशय मोटरवर. लाईन जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपची असेल तर आधी तिच्याकडे बघा.

सुरुवात पाणी मोजण्यापासून. पाईपच्या तोंडाशी 200 लिटरचं बॅरल ठेवा, मोबाईलवर सेकंद मोजा. 20 सेकंदांत भरलं, तर सेकंदाला 10 लिटर. आतून 100 मिमी पाईपमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे 1.27 मीटर होतो. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळाळता हे सांगणारा आकडा) लाखाच्या वर, म्हणजे प्रवाह पुरता खळाळता. (तो दोन हजारांच्या आत असता तर खरबरीतपणाची फिकीर नव्हती, पण शेतीच्या लाईनीत इतकं संथ पाणी कोण सोडतो?)

मग मोटर बंद करून एखादा सांधा खोला नि आत बोट फिरवा. नव्या पीव्हीसीचा खरबरीतपणा, म्हणजे आतल्या उंचवट्यांची उंची, 0.0015 मिमी धरतात, नव्या जीआयचा 0.15. गंजाच्या गाठी बोटाला टोचत असतील तर 1 मिमी तरी धराच. खळाळत्या प्रवाहातही पाईपला लगटून संथ पाण्याचा पातळ थर असतो. वरच्या वेगाला तो 0.1 मिमीपेक्षाही कमी. पीव्हीसीचे उंचवटे त्यात बुडून जातात. गंजाच्या गाठी त्यातून वर डोकं काढतात, प्रत्येक गाठीमागे भोवरे उठतात आणि मोटरचा जोर त्या भोवऱ्यांत जिरतो.

आता हिशेब. लाईन 300 मीटर, पाणी तेवढंच. स्वामी-जैन यांच्या 1976च्या सूत्राने घर्षणात जाणारा दाब पीव्हीसीत सुमारे 4 मीटर, नव्या जीआयमध्ये 6, गंजलेल्यात साडेनऊ मीटर उंचीच्या पाण्याइतका येतो. गंजाने 100चा आतला व्यास 90 मिमीवर आणला असेल तर हाच आकडा 17च्या आसपास जातो.

खात्रीसाठी लाईनीच्या दोन्ही टोकांना प्रेशर गेज लावा आणि मोटर चालू असताना वाचा. गेजवर 1 किलोचा (चौरस सेंटीमीटरला) फरक म्हणजे सुमारे 10 मीटर. मळा चढावर असेल तर चढाची उंची त्यातून वजा करा.

फरक मोठा निघाला तर पैसे पाईपवर घाला. गंजलेल्या लाईनीत 20 टक्के जास्त पाणी ढकलायचं तर घर्षण 44 टक्क्यांनी वाढतं. मोठ्या मोटरचा बराचसा जोर तिथेच संपतो.