गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला तडा गेलाय? वेल्डिंगच्या आधीचं आणि नंतरचं काम

तडकलेलं हाऊसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच, घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "वेल्डिंग होईल ना?" होतं. ॲल्युमिनियमला टाका बसतो. पण कुठला तडा भरायचा, कुठला सोडून द्यायचा आणि तो मुळात गेला कशाने, हे ठरल्याशिवाय मी टॉर्च हातात घेत नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं टिग वेल्डिंग (आर्गन वायूच्या आडोशाने आर्कवर करायचं वेल्डिंग) आणि मशीनिंगचं काम आहे. आमच्याकडे बिडाचं ओतकाम पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे बीड जोडणारे हात गल्लोगल्ली सापडतात. तीच सवय ॲल्युमिनियमला लावली की घात होतो. बीड तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. रंग तसाच राहतो आणि एकदम खाली बसतं. शिवाय वरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे वितळतो आणि खालचा धातू सहाशेच्या आतच. म्हणून एसी करंट लागतो, तोच हा पापुद्रा फोडतो.

उदाहरण म्हणून होंडा सिटी व्हीटेकचं हाऊसिंग घेतो. १.५ लिटर, १०६ अश्वशक्ती, २००० च्या सुमाराची गाडी. हौशी पोरं ती अजून ऑटोक्रॉसच्या शर्यतींना पळवतात, आणि नवं हाऊसिंग मिळणं आता अवघड झालंय. एकाच्या गाडीत माउंटचा, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधाराचा, बोल्ट जिथे बसतो तो कान मुळापासून चिरला होता. डोळ्यांना बोटभर चीर दिसत होती.

आधी कारण शोधा. कान तुटला असेल तर दहातले नऊ वेळा माउंटचं रबर फाटलेलं निघतं. रबर गेलं की क्लच सोडताना इंजिन उसळतं आणि सगळा झटका त्या एका कानावर येतो. गाडी अजून चालत असेल तर बॉनेट उघडा, आत बसलेल्याला हँडब्रेक ओढून फूटब्रेक दाबायला सांगा आणि पहिल्यात, मग रिव्हर्समध्ये क्लच जरासा उचलायला लावा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन जागचं उडताना दिसलं की समजा, सगळी माउंट बदलायची आहेत. दुसरं कारण म्हणजे जॅक. गिअरबॉक्सखाली लाकूड न ठेवता जॅक लावून अख्खं इंजिन उचलतात, बिचारं हाऊसिंग त्यासाठी बनलेलंच नसतं. तिसरं, बेलहाऊसिंग (हाऊसिंगचा क्लचवरचा, इंजिनला जोडणारा भाग) आणि इंजिनच्या ब्लॉकमधला एखादा बोल्ट किंवा डॉवेल (दोन भाग नेमके जागेवर धरणारी पिन) मागच्या वेळी कुणीतरी बसवलेलाच नसतो. आणि तड्याच्या कडा बाहेरच्या अंगाला उचललेल्या असतील तर फटका आतून बसलाय. डिफरन्शियलची पिन सरकली असेल किंवा गिअरचा दात सुटून मध्ये अडकला असेल. अशा वेळी हाऊसिंग हा शेवटचा खर्च, आधी आतलं बघा.

आता गिअरबॉक्स पूर्ण रिकामा करा. शाफ्ट, बेअरिंग, सील, लोहचुंबक, सगळं बाहेर. बेअरिंग आत ठेवून वेल्डिंग करून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. शिम (फट नेमकी ठेवणाऱ्या पातळ चकत्या) निघतील त्या कुठल्या बाजूच्या हे लिहून पिशवीत ठेवा. हाऊसिंग आधी डिझेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. शेवटचं पुसणं ॲसिटोनने. इथे एक गोष्ट जीवावरची आहे, ती नीट वाचा: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतात. त्याचा अंश राहिलेल्या भागावर आर्क पेटवला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या टेबलाजवळसुद्धा आणायचा नाही.

धातू कुठला आहे हेही बघून घ्या. बहुतेक जपानी गाड्यांची हाऊसिंग एडीसी-१२ जातीच्या डायकास्ट ॲल्युमिनियमची असतात, त्यात साधारण १० ते १२ टक्के सिलिकॉन. काही जुन्या युरोपीय गाड्यांची मात्र मॅग्नेशियमची येतात. शंका असेल तर आतल्या बाजूला कानशीने थोडी जागा घासून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियम लगेच फसफसतं, ॲल्युमिनियम गप्प राहतं. मॅग्नेशियम निघालं तर इथेच थांबा. त्याचा कीस पेटतो, पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. ते काम त्यातल्या माणसाचंच.

मग डाय पेनिट्रंट, म्हणजे न दिसणारी चीर दाखवणारा रंग. लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, फडक्याने पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. सिटीच्या त्या हाऊसिंगवर बोटभर चीर होती म्हटलं ना, डेव्हलपर सुकल्यावर लाल रेघ रिबच्या खालून वळून डिफरन्शियलच्या फुगवट्याकडे निघालेली दिसली. डोळ्यांनी दिसतं तेवढंच भरलं असतं तर उरलेली चीर टाक्याच्या टोकाशी पुन्हा चालू झाली असती. रेघ जिथे संपते तिच्या किंचित पुढे ३ मिमीचं भोक पाडा. भोकाने चिरेचं टोक बोथट होतं आणि ती पुढे धावत नाही.

इथे निर्णय घ्यायचा. तडा कानात किंवा साध्या भिंतीत असेल तर खुशाल भरा. हाऊसिंगचे दोन भाग जिथे जुळतात त्या सपाट फेसपर्यंत गेला असेल तर भरता येतो, पण नंतर फेस मशीनवर घ्यावा लागेल. बेअरिंगच्या बोअरमधून, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भोकातून, गेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जुनं चांगलं हाऊसिंग शोधा. वेल्डिंगने बोअर ओढला जातो आणि डॉवेलचा संदर्भ धरून व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पुन्हा बोअर केल्याशिवाय शाफ्ट सरळ बसत नाहीत. तो खर्च बहुतेकदा कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेल्या हाऊसिंगपेक्षा जास्त होतो, आणि गिअर रडतात ते वेगळंच. एपॉक्सी पुटी फक्त पाझर थांबवायला. ज्या कानावर इंजिन टांगलंय तिथे एपॉक्सी लावून शर्यतीला जाऊ नका.

चिरेला व्ही आकाराची खाच करायची ती ॲल्युमिनियमसाठीच्या कार्बाइड बरने, म्हणजे फिरणाऱ्या छोट्या कटरने. ग्राइंडिंग व्हीलचे कण मऊ धातूत रुततात. भिंतीच्या जाडीच्या तीन चतुर्थांशापर्यंत जा, आतून हात पोचत असेल तर दुसऱ्या बाजूनेही खाच घ्या. मग स्टेनलेसचा ब्रश, कोरा, कधी लोखंडाला न लागलेला.

हाऊसिंगचे दोन्ही भाग एकमेकांना सगळ्या बोल्टांनी आवळा. बेलहाऊसिंगच्या बाजूला जुना ब्लॉक असेल तर उत्तम, नाहीतर जाड प्लेट ड्रिल करून लावा. हे टाळलं की फेस वाकतो आणि पुढचं सगळं वाया जातं. आता १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश गरम करा. लेझरवाली तापमानाची बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं सांगते, थर्मल चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) वापरा. दोनशेच्या पुढे नेऊ नका. डायकास्टिंगच्या पोटात कोंडलेली हवा असते, जास्त तापलं की फोड येतात.

भरायचा ॲल्युमिनियमचा रॉड मी ४०४७ नंबरचा घेतो, २.४ मिमी. त्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्यामुळे तो या धातूला जुळतो, पातळ वाहतो आणि थंड होताना कमी फाटतो. ४०४३ नेही जमतं. शुद्ध आर्गन, मिनिटाला ८ ते १० लिटर. चार-पाच मिमीच्या भिंतीला १२० ते १५० अँपिअरच्या दरम्यान सुरुवात करा आणि धातू तापत जाईल तसा करंटचा पेडल सोडत चला.

पहिल्या फेरीत काळे ठिपके वर येतील, बुडबुडे फुटतील. वर्षानुवर्षं मुरलेलं ऑइल बाहेर निघतंय. रॉड न घालता आर्क हलकेच फिरवून ते वर काढा, थांबा, बरने काळं खरवडा, ब्रश मारा, पुन्हा फिरवा. तळ चांदीसारखा स्वच्छ दिसेपर्यंत हेच. घाई करून काळ्यावर रॉड भरला तर आत जाळी राहते, आणि गिअर ऑइल त्या जाळीतून वाट काढतंच. माझा या कामातला सर्वाधिक वेळ इथेच जातो आणि तो जावा असंच मला वाटतं.

तळ स्वच्छ झाला की दोन-अडीच सेंटिमीटरचे छोटे टाके, एकदा या टोकाला, एकदा त्या. प्रत्येक टाक्याच्या शेवटी आर्क झटकन तोडू नका, खड्डा भरून मगच सोडा, नाहीतर त्या खड्ड्यातच ताऱ्यासारखी चीर पडते. कानाच्या मुळाशी थोडं जास्त भरून गोलाई ठेवा, काटकोन सोडू नका. झालं की सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर राहू द्या. पंखा नाही, पाणी तर नाहीच.

सकाळी बोल्ट काढा आणि पुन्हा डाय पेनिट्रंट मारा. फेसवर स्ट्रेटएज (सरळ धारेची पट्टी) ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. ०.०५ मिमीचं पातं कुठे शिरलं तर फेस मशीनवर घ्या, पण धातू अगदी कमीत कमी काढा, कारण तेवढी बेअरिंगची जागा आत सरकते. सगळे बोअर गेजने मोजा. बोल्टचं भोक डागडुजीत बुजलं असेल तर ते जुन्या ब्रॅकेटचा साचा धरून पाडा, अंदाजाने नाही.

गळती बघायला आमच्या फौंड्रीवाल्यांची जुनी रीत उत्तम आहे. बाहेरून टाक्यावर चुन्याची पातळ कली लावून सुकू द्या आणि आतून रॉकेल फासा. तासाभरात चुन्यावर डाग उमटला तर तिथे छिद्र आहे. ती जागा खरवडून पुन्हा भरायची.

जोडणीत डिफरन्शियलच्या आणि शाफ्टच्या शिमची फट मॅन्युअलप्रमाणे नव्याने मोजा. वेल्डिंगनंतर जुनीच शिम बरोबर बसेल असं गृहीत धरू नका. सील नवीन, लिक्विड गॅस्केट पातळ, बोल्ट आतून बाहेर टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने. माउंटची रबरं नवी नसतील तर गाडी खाली उतरवू नका.

पहिले काहीशे किलोमीटर क्लच झटकन सोडायचा नाही. ५०० किलोमीटरला ऑइल काढा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. राखाडी मऊ लेप असेल तर चालेल. टोचणारा कण लागला तर गिअरबॉक्स परत उघडा. कानाची जागा पुसून त्यावर पुन्हा एकदा लाल रंग आणि डेव्हलपर मारा, रेघ उमटली नाही तरच गाडी ट्रॅकवर न्या.